पिवळा दिवा कोणासाठी लागतो?

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि विझेनासा झाला की मालकाच्या मनात दोन प्रश्न येतात : काय बिघडलं, आणि खर्च किती? मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो. पडद्यावर पी०१७१ किंवा पी०४२० असा कोड उमटतो. गाडीनंच सांगितलं म्हटल्यावर शंकेला जागा उरत नाही. कोडच्या वर्णनात ज्या पार्टचं नाव दिसतं तो बदलला जातो, हजारो रुपये जातात आणि थोड्या दिवसांनी दिवा पुन्हा लागतो.

अशा वेळी दोष मेकॅनिकला दिला जातो, नाहीतर गाडी बनवणाऱ्याला. खरं कारण बरंच मागे आहे. ज्यांनी या दिव्याला आणि त्यामागच्या कोडांना जन्म दिला, त्यांनी मालकाचा प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांचा प्रश्न रस्त्यानं चालणाऱ्या, खिडकीत बसलेल्या, शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या माणसांच्या वतीनं होता : या गाडीतून बाहेर पडणारी हवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा घाण झाली आहे का? हा प्रश्न लक्षात ठेवला की कोड कसा वाचायचा ते उमगू लागतं. तो विसरला की नुसते पार्ट बदलले जातात.

डोळ्यांना झोंबणारं धुकं

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. लॉस एंजेलिस शहरावर तपकिरी धुकं उतरलं. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवले, तीन चौकांपलीकडचं दिसेना. जपाननं विषारी वायू सोडला की काय, अशी भीती पसरली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार करणाऱ्या शहरातल्या एका कारखान्यावर. तो बंद ठेवून पाहिला. धुकं येतच राहिलं. त्यानंतर गिरण्यांचा धूर झाला, तेलशुद्धीकरण कारखाने झाले, घरामागे कचरा जाळायच्या भट्ट्या झाल्या. प्रत्येकाचा काही ना काही वाटा होता, पण कोडं सुटत नव्हतं.

ते सोडवलं एरी हागेन-स्मिट या नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञानं. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक या संस्थेत ते अननसाचा वास कोणत्या द्रव्यांमुळे येतो याचा अभ्यास करत होते. हवेतली अगदी सूक्ष्म द्रव्यं गोठवून वेगळी करायची त्यांची साधनं त्यांनी शहरातल्या हवेकडे वळवली. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दाखवून दिलं, की न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो आणि डोळे झोंबतात ते या रासायनिक मिश्रणामुळे. वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्टीला किती वेळात चिरा पडतात, यावरून ते ओझोन मोजत. तेल उद्योगाच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी त्यांचे निष्कर्ष खोडून काढायचा प्रयत्न केला. हागेन-स्मिट यांनी अननस बाजूला ठेवला आणि पुढची वर्षं या धुक्यालाच दिली.

त्यांच्या शोधात आजच्या पिवळ्या दिव्याचं बीज आहे. तोवर वाईट गाडी म्हणजे काळा धूर ओकणारी गाडी, हे सगळ्यांना डोळ्यांनी कळत होतं. आता कळलं, की जिचा पिकअप उत्तम आहे, आवाज गोड आहे, सायलेन्सरमधून काही बाहेर पडताना दिसत नाही, अशी गाडीसुद्धा शहराची हवा नासवू शकते. चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण त्याच्या बुडाखाली सगळं सुरळीत चाललेलं असतं. ज्याचं नुकसान होतं तो गाडीबाहेर आहे आणि ज्याच्या हाती दुरुस्ती आहे त्याला काही जाणवत नाही. ही दरी कुणीतरी भरून काढायला हवी होती.

हवेचं आणि पेट्रोलचं प्रमाण

कॅलिफोर्नियानं १९६६ साली मोटारींच्या धुरावर अमेरिकेतली पहिली मर्यादा घातली. १९६७ साली हवेची जबाबदारी घेणारं मंडळ स्थापन केलं आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या अखेरीस अमेरिकी संसदेनं स्वच्छ हवेचा कायदा मंजूर केला. नव्या मोटारींमधला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करा, असा त्याचा हुकूम होता. मोटार कंपन्यांनी हे अशक्य असल्याचं सांगितलं, मुदती पुढे गेल्या. तरीही १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांच्या पोटाखाली धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिसं असलेल्या पेट्रोलनं तो निकामी होत असल्यामुळे शिसंविरहित पेट्रोलही पंपांवर आलं.

पुढची पायरी अधिक नाजूक होती. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्हींना एकदम निष्प्रभ करणारा कन्व्हर्टर तयार झाला खरा, पण त्याची एक अट होती. इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, हे प्रमाण जवळपास सतत राखलं गेलं पाहिजे. जेट आणि फ्लोटवर चालणाऱ्या कार्बोरेटरला इतकी बारीक शिस्त झेपणारी नव्हती. थंडी, चढ, कचरा आलेला फिल्टर, काहीही झालं तरी त्याचं प्रमाण हलायचं.

यावर तोडगा होता बॉश कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर. १९७६ साली तो व्होल्व्हो गाड्यांमध्ये आला. एक्झॉस्टच्या नळीत बसणारा हा चिनीमातीसारख्या पदार्थाचा तुकडा तापला, की बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला आहे त्यानुसार वीज निर्माण करतो : पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त असेल तर ०.१ च्या आसपास. हा आकडा वाचून पेट्रोल कमी-जास्त करायला छोटा संगणक लागतो. १९८१ साली नायट्रोजनच्या ऑक्साइडांवरची अमेरिकी मर्यादा आणखी कडक झाली आणि जनरल मोटर्सनं आपल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल मोटारींत असा संगणक बसवला.

इंजिनाच्या आत काय चाललंय ते सतत वाचणारं यंत्र गाडीत आलं ते असं, हवेच्या कायद्यामागून. एकदा वाचता येऊ लागल्यावर, वाचलेलं पटत नाही तेव्हा तसं नोंदवून ठेवणं ही पुढची स्वाभाविक पायरी होती. पाणी तापलंच पाहिजे इतका वेळ इंजिन चालूनही तापमानाचा सेन्सर थंडच दाखवत असेल, तर संगणक स्मृतीत एक आकडा टाकून दिवा लावू शकत होता.

दिव्याची उघडझाप मोजण्याचे दिवस

जनरल मोटर्सच्या त्या गाड्यांत डॅशबोर्डखाली बारा जागांचा एक सॉकेट असे. तो मुळात कारखान्यात, जुळणीच्या रांगेतून गाडी बाहेर पडताना तपासण्यासाठी ठेवलेला. मेकॅनिकांना लवकरच कळलं, की त्यातली ए आणि बी ही दोन टोकं कागदाला लावायच्या पिनेनं जोडली आणि चावी फिरवली, की डॅशबोर्डवरचा दिवा बोलू लागतो. एकदा लुकलुक, थोडा थांबा, दोनदा लुकलुक : कोड १२, म्हणजे तपासणी यंत्रणा चालू आहे. त्यामागून खरे दोष. १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं सर्किट, ४४ म्हणजे हवा जास्त, ४५ म्हणजे पेट्रोल जास्त.

फोर्डच्या गाडीत हेच काट्याच्या व्होल्टमीटरवर काटा किती वेळा झेपावतो ते मोजून वाचावं लागे. होंडाच्या अनेक गाड्यांत गालिच्याखाली किंवा सीटखाली दडलेल्या संगणकावरचा छोटा लाल दिवा शोधावा लागे. टोयोटात आणखी वेगळी दोन टोकं जोडायची. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, सॉकेट वेगळा, पुस्तक वेगळं. स्वतःचं गॅरेज चालवणाऱ्यानं यातलं किती पाठ करायचं?

१९८५ साली कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं यात कायदा आणला. १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीनं धुराशी संबंधित प्रमुख भाग स्वतः तपासायचे, दोष आढळला तर चालकाला दिव्यानं सांगायचं आणि कोड साठवायचा. गाडी नवी असताना परीक्षा उत्तीर्ण होते, पण पाच-सात वर्षं रस्त्यावर घासल्यावर तिचं काय होतं, ही मंडळाची मुख्य काळजी होती. वर्षा-दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीच्या मधल्या काळात गाडीवर लक्ष ठेवणारा पहारेकरी गाडीतच बसवणं, ही त्यामागची कल्पना.

पहिल्या नियमात मोठ्या उणिवा होत्या. कन्व्हर्टर काम करतो की नाही हे तपासायची सक्ती नव्हती. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसेल, आपले मेकॅनिक म्हणतात तशी गाडी ‘मिसिंग’ करत असेल, तर तेही निसटून जाई. म्हणून १९८९ साली मंडळानं दुसरा, खूप कडक नियम केला. १९९० साली अमेरिकी संसदेनं कायदा सुधारून ही यंत्रणा देशभर लागू करायचं ठरवलं. १९९४ पासून ती टप्प्याटप्प्यानं येत गेली आणि १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत सक्तीची झाली. सोळा पिनांचा एकच सॉकेट, तोही चालकाच्या जागेजवळ, एकच कोडमाला, आणि कोणत्याही कंपनीच्या गाडीला चालेल असा स्कॅनर. युरोपनं पेट्रोल गाड्यांसाठी हीच वाट २००० नंतर लगेच धरली.

कोड काय सांगतो

पाच अक्षर-अंकांच्या या कोडमध्ये ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअर यांचा विभाग. पुढचं शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड. एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. बाकीचे अंक यंत्रणा आणि दोषाचा प्रकार सांगतात. खरं मर्म मात्र कोड कधी नोंदवायचा याच्या नियमांत आहे. अनेक तपासण्यांमध्ये धूर ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होईल इतकी घसरण झाली, की दिवा लावायचा. बहुतेक दोष गाडी चालवण्याच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो, म्हणजे एखाद्या योगायोगाच्या झटक्यानं माणूस घाबरू नये. लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर तो आपणहून विझतो. आणि मिसिंग इतकी वाढली, की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळेल, तर दिवा स्थिर न राहता लुकलुकतो. अशा वेळी गाडीवरचा भार लगेच कमी करून ती जमेल तितक्या लवकर थांबवावी.

हे सगळे नियम धुराच्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी बेतलेले आहेत. म्हणून तीन नेहमीचे कोड त्याच नजरेनं वाचून पाहू.

पी०१७१ : हवा जास्त, पेट्रोल कमी. पुष्कळ ठिकाणी यावर पहिला घाव ऑक्सिजन सेन्सरवर पडतो, कारण बातमी त्यानं दिलेली असते. पण बातमी बहुतेकदा खरी असते. संगणक पेट्रोल वाढवत वाढवत आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचला आणि तरी मिश्रण सुधारलं नाही, एवढाच या कोडचा अर्थ. चांगला मेकॅनिक स्कॅनरवर पेट्रोलच्या दुरुस्तीची टक्केवारी उघडतो. गाडी उभ्याउभ्या चालू असताना ती खूप जास्त आणि रेस दिल्यावर उतरत असेल, तर कुठलातरी रबरी होस किंवा गॅस्केट बाहेरची हवा घेतंय. उलट रेस दिल्यावर ती चढत असेल, तर पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर बघायचा. दोष एकाच कोडखाली, पण दुरुस्ती शंभर रुपयांच्या होसची की हजारोंच्या पंपाची, हे या पाच मिनिटांच्या वाचनावर ठरतं.

पी०३०१ : पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. क्रँकशाफ्टची गती त्या सिलिंडरच्या पाळीला किंचित मंदावते, यावरून संगणकाला हे कळतं. का, ते त्याला कळत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, काहीही असू शकतं. जाणता माणूस पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर चढवतो आणि गाडी चालवतो. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला. झाला नाही तर कॉइल निर्दोष. एक रुपयाचाही पार्ट न घेता निम्मी शक्यता संपते.

पी०४२० : कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. हा सगळ्यांत महागडा गैरसमज. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याचा आकडा सतत वर-खाली होतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ठेवत असल्यामुळे मागच्याचा जवळजवळ स्थिर असतो. मागचाही पुढच्यासारखा हलू लागला की हा कोड पडतो. पण मागच्या सेन्सरजवळ एक्झॉस्टची गळती असली तरी तो असाच हलतो. आणि कन्व्हर्टर खरोखरच गेला असेल, तर तो कशानं गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवण्यात अर्थ नाही. इंजिन तेल जाळत असेल किंवा मिसिंग जुनी असेल, तर नवाही त्याच वाटेनं जाईल.

कायद्यानं मेकॅनिकच्या हाती आणखी एक मौल्यवान वस्तू दिली आहे. कोड पडला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, इंजिनावरचा भार हे सगळं संगणक गोठवून ठेवतो. दोष थंड इंजिनावर झाला की घाटात, हे त्यातून कळतं. म्हणून वाचण्याआधी कोड पुसणं, किंवा बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवणं, म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन टाकणं. दिवा गेला तरी न जळलेलं पेट्रोल हवेत जातच राहतं. नियम करणाऱ्यांना ही वाट आधीच दिसली होती. कोड पुसला की गाडीच्या स्वयंतपासण्याही कोऱ्या होतात आणि पुन्हा काही दिवस चालवल्याखेरीज त्या पूर्ण झाल्याचं दिसत नाही. पुढे २०१० च्या सुमारास, स्कॅनरनं पुसता न येणारे कोडही कॅलिफोर्नियानं आणले.

आपल्याकडे

भारतात हा प्रवास उशिरा, पण त्याच क्रमानं झाला. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसंविरहित पेट्रोल. २००० साली देशभर शिसं बंद. मग कार्बोरेटर गेले, इंजेक्टर आले. १ एप्रिल २०१० रोजी धुरासाठीची भारत स्टेज ४ ची मानकं तेरा शहरांत लागू झाली. त्यांत मुंबई, पुण्याबरोबर सोलापूरही होतं. त्याच मानकांनी गाडीतल्या स्वयंतपासणीची पहिली पायरी आणली आणि २०१३ पासून कन्व्हर्टरची घसरण व मिसिंग ओळखणारी दुसरी. २०२० च्या भारत स्टेज ६ नं दुचाकीही यात ओढली. जेट साफ करून आणि कानानं ऐकून दुचाकी बसवणाऱ्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला स्कॅनरची गरज पहिल्यांदा भासली ती तेव्हा.

हा दिवा कुठवर विश्वासाचा, हेही याच काळात दिसलं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिझेल गाड्यांना धूर मोजायची यंत्रं बांधून त्या रस्त्यावर पळवल्या. त्यांचा अहवाल २०१४ साली आला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारनं फोक्सवॅगनवर जाहीर आरोप ठेवला : प्रयोगशाळेत तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरताच धूर स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत जात होती आणि डॅशबोर्ड शांत होता. कंपनीनं ते कबूल केलं. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनं तपासणी केली आणि सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. पहारेकरी ज्यानं बनवला त्याच्याच हुकुमात असेल, तर बाहेरच्या कुणीतरी अधूनमधून रस्त्यावर उतरून हवा मोजलीच पाहिजे, हा त्यातला धडा. २०२३ पासून भारतातही मोटारींना रस्त्यावरच्या चाचणीची अट आली.

वाचण्याचा हक्क

या इतिहासातली एक गोष्ट माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाची आहे. १९९० च्या अमेरिकी दुरुस्तीत एक कलम होतं : धुराशी संबंधित दोष शोधायला आणि दुरुस्त करायला लागणारी माहिती कंपन्यांनी बाहेरच्या मेकॅनिकांनाही दिली पाहिजे. हवा सगळ्यांची असेल, तर ती स्वच्छ ठेवणारी दुरुस्ती एकट्या अधिकृत सर्व्हिस सेंटरची मक्तेदारी असू शकत नाही, असा त्यामागचा साधा न्याय होता. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष शोधायची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणं, हा आरोप होता. निकालाविरुद्ध अपिलं झाली, पण मेकॅनिकच्या हातातला स्कॅनर हा बाजारातल्या न्यायाचा प्रश्न आहे हे नोंदलं गेलं.

आता विजेच्या गाड्या येत आहेत. त्यांना सायलेन्सर नाही, कन्व्हर्टर नाही, म्हणजे ज्या प्रश्नावर ही सगळी इमारत उभी राहिली तो प्रश्नच त्या गाडीतून उठत नाही. बॅटरीची किती ताकद उरली, कोणता सेल दगा देतोय, हे सांगणारी माहिती गाडीत आहेच. ती सगळ्यांना सारख्या पद्धतीनं वाचता आली पाहिजे असं सांगायला धुराचा कायदा पुरेसा पडणार नाही. पेट्रोल गाडीच्या मालकाला आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला जो हक्क हवेच्या लढाईतून ओघानं मिळाला, तो विजेच्या गाडीसाठी स्वतंत्रपणे मागावा लागेल, आणि गाड्या रस्त्यावर थोड्या आहेत तोवरच मागावा लागेल. लॉस एंजेलिसच्या धुक्यापासून पुसता न येणाऱ्या कोडपर्यंत जायला सत्तर वर्षांच्या आसपास लागली. तेवढा वेळ पुन्हा घालवायचं कारण नाही. सोळा पिनांचा सॉकेट सगळ्यांसाठी एक करता येतो, हे आता सिद्ध झालेलं आहे.